व्यग्रतेचे ओझे उतरवताना

‘‘वेळच मिळत नाही हो!’’ हे वाक्य आज कोणत्याही संस्थेच्या, मंडळाच्या वा उपक्रमाच्या प्रमुखाच्या तोंडी हमखास ऐकू येते. त्यात तक्रार कमी आणि अभिमान अधिक असतो. सकाळी बैठक, दुपारी संपर्क, सायंकाळी कार्यक्रम आणि मधल्या वेळात अखंड दूरध्वनी. सतरंज्या कोणी घालायच्या इथपासून निवेदन कोणी लिहायचे इथपर्यंत प्रत्येक निर्णय त्यांच्यापाशी येऊन थांबतो. दिवस भरगच्च जातो. पण वर्षभरात नवे कार्यकर्ते किती उभे राहिले, या प्रश्नापाशी वृत्त अडखळते.

अशा वेळी १९३० सालचे स्मरण उद्बोधक ठरते. संघाची स्थापना होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. ‘मी गेलो तर या रोपट्याचे काय होईल?’ असा विचार संस्थापकाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होते. तरीही डॉ. हेडगेवारांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवली, जंगल सत्याग्रहात भाग घेतला आणि अकोल्याच्या कारागृहात कारावास भोगला. १९३१ मध्ये ते सुटून आले, तेव्हा काम थांबलेले नव्हते. पुढे १९९४ मध्ये प्रकृती साथ देईनाशी झाल्यावर बाळासाहेब देवरसांनी हयातीतच रज्जूभैयांकडे दायित्व सोपवले. तोच पायंडा २००० आणि २००९ मध्येही पाळला गेला.

‘दुसऱ्यावर सोपवले की काम बिघडते’, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही. प्रारंभी काम बिघडेलच. पण आज जो प्रमुख आहे, त्याच्या चुका कोणीतरी पोटात घातल्या म्हणूनच तो घडला, याचा विसर पडू नये. केवळ कष्ट वाटून देणे आणि निर्णय मात्र स्वतःच्या मुठीत ठेवणे, याला सोपवणे म्हणत नाहीत. काम द्यायचे तर निर्णयाचा अधिकारही द्यावा आणि दर तासाला विचारपूस करण्याचा मोह आवरावा.

व्यग्रता सोडणे म्हणजे आळसाला आमंत्रण नव्हे. मोकळा झालेला वेळ एखाद्या नाराज कार्यकर्त्याच्या घरी निवांत बसण्यासाठी आहे, वाचन-चिंतनासाठी आहे आणि ज्यांनी वर्षानुवर्षे आपली अनुपस्थिती विनातक्रार सोसली, त्या घरच्या मंडळींसाठीही आहे. ज्याला ऐकून घ्यायला सवड नाही, त्याच्याकडे माणसे मन मोकळे करीत नाहीत. आणि माणसे दुरावली की उरते ती केवळ कार्यक्रमांची यादी.

म्हणून प्रत्येक प्रमुखाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्यापासून महिनाभर मी अंथरुणाला खिळलो, तर काम चालेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो आपल्या महत्त्वाचा पुरावा नव्हे. आपल्या हातून राहून गेलेल्या कामाची ती नोंद आहे. ते काम आजच सुरू करायला हवे.