माळकरी मित्र इफ्तारला येतो तेव्हा

रमजान लागला की बारामती आणि इंदापुरात इफ्तारची बोलावणी सुरू होतात. शाळेपासूनचा मित्र, शेजारचा दुकानदार, शेताला बांध लागून असलेला पाटील, सगळ्यांना निरोप जातो. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात तोच पेच पडतो. बोलावलेल्या मित्राच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, किंवा तो जैन आहे, आणि घरात खिम्याचे समोसे तळायचे आहेत. त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे ठरवणे सोपे असते. त्याला अवघडल्यासारखे होऊ नये, हे अवघड. अलीकडे त्यात आणखी एक धास्ती मिसळली आहे. मोबाइलवर रोज येऊन पडणारा मजकूर वाचून तो यंदा येईल तरी का?

मांसाहाराचा वाद हिंदू आणि मुसलमान यांच्यातला आहे, असे या मजकुरात गृहीत धरलेले असते. या भागात राहणाऱ्याला ते पटणार नाही. गावच्या जत्रेला बोकड कुणाच्या घरी शिजतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भिगवणची मासळी खायला उजनीच्या काठावर गाड्या थांबतात, त्यात सगळ्या आडनावांची माणसे असतात. हा मतभेद मुळात एकाच घरातला आहे. आजी माळकरी, नातू मटणाचा शौकीन. त्यावर तोडगाही जुनाच आहे. अंगणात तीन दगडांची चूल, वेगळे पातेले, वेगळी पळी. जेवण झाले की भांडी बाहेरच घासायची आणि मगच आत यायचे. आजी नातवाला पापी म्हणत नाही आणि नातू आजीला भित्री म्हणत नाही. (माळ खुंटीला अडकवून पंगतीला बसणारे काकाही प्रत्येक गावात असतात, पण त्यांचा विषय वेगळा.)

घराच्या अंगणात जे जमते, ते मित्राच्या दारात का जमू नये? मुसलमान यजमानाने एवढेच लक्षात ठेवायचे की माळकऱ्याच्या भज्यांसाठी कढई आणि तेल वेगळे हवे. बिर्याणीतल्या मटणाच्या फोडी बाजूला सारून ‘तू नुसता भात घे’ असे म्हणणे हा पाहुणचार नव्हे. आणि पाहुण्याने विचारायला संकोच करू नये. ‘हे कशात तळलंय?’ हा प्रश्न अपमानाचा नाही. ज्याच्याशी मैत्री आहे, त्यालाच तो विचारता येतो.

इस्लाममध्ये मांस खाण्याची परवानगी आहे, सक्ती नाही. रोजा सोडायला खजूर आणि पाणी पुरते, आणि तीच सुन्नत आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबर हजरत मुहंमद यांच्यापुढे भाजलेली घोरपडीसारखी सरड्याची एक जात वाढली गेली. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले की नाही, पण आमच्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मन घेत नाही. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी मात्र ते ओढून घेतले आणि त्यांच्यादेखत खाल्ले. एकाने खाल्ले, एकाने नाही, आणि दस्तरखान एकच राहिला. लसणाचेही तसेच. त्यांनी स्वतः तो टाळला, पण अबू अय्यूब अन्सारी यांना तो हराम असल्याचे सांगितले नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्या मित्राला हसणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर आठवावी.

जैन मित्राची अडचण ताटापेक्षा घड्याळाची असते. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम पाळणाऱ्याचे जेवण ज्या मिनिटाला संपते, त्याच मिनिटाला रोजेदाराचे सुरू होते. सकाळीही तसेच. सहेरी पहाट फुटण्याआधी संपते, आणि नवकारशी करणारा सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात काही घालत नाही. वालचंद हिराचंद यांच्या नावाचे गाव ज्या तालुक्यात आहे, तिथे हे गणित नवीन नाही. असा मित्र अर्धा तास आधी येतो. यजमान उपाशीपोटी त्याला कलिंगड, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे वाढतो आणि स्वतः नुसता समोर बसतो. मग अजान होते, आणि पाहुणा नुसता बसून राहतो. एकाच वेळी दोघांचे तोंड हलत नाही, पण भेट होते.

याच रस्त्याने दरवर्षी तुकोबारायांची पालखी जाते. देहूतून निघाल्यावर तिची पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. पुढे ती बारामतीला मुक्काम करते, काटेवाडीत मेंढ्या तिच्याभोवती रिंगण धरतात, आणि इंदापुरातून ती अकलूजच्या वाटेला लागते. काटेवाडीतल्या या मेंढ्या धनगर पाळतो. पालखीला त्याच्या मेंढरांचे रिंगण आणि खाटकाला त्याचेच बकरे. त्याला दोन्हीत विसंगती दिसत नाही. शहाण्यांनीही ती शोधत बसू नये.

२०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानी ईदच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवसही करता येते. राज्यातल्या कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी एकत्र बसून त्या दिवशी नमाज अदा करायची आणि कुर्बानी दुसऱ्या दिवसावर ढकलायची, असे ठरवले. धर्माला धक्का लागला नाही, आणि वारकऱ्यांना ते कळले. याच्या शेजारी २०२५ चा स्वातंत्र्यदिन ठेवून पाहावा. कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी त्या दिवशी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले आणि राज्यभर भांडण पेटले. दुकान दोन्हीकडे एक दिवसच बंद राहणार होते. पण पहिल्या वेळी माणसाने आपल्या हाताने दिले होते आणि दुसऱ्या वेळी ते त्याच्याकडून काढून घेतले गेले. ‘तुझ्यासाठी आज शिजवत नाही’ असे म्हणणाऱ्याला उद्या ‘शिजवायचेच नाही’ असा हुकूम आला, तर तो पहिले वाक्यही पुन्हा म्हणणार नाही. भूतदयेची ज्याला खरी चाड आहे, त्याने याचा विचार करावा.

म्हणून मतभेद मिटतो असे नाही. जीव मारणे चूक आहे, असे माळकऱ्याला मनापासून वाटते, आणि कुर्बानी ही इबादत आहे, असे त्याच्या मित्राला तेवढ्याच मनापासून वाटते. दोघांपैकी कुणीही ते गिळून टाकण्याची गरज नाही. यावर कट्ट्यावर चांगली दोन तास भांडणे व्हावीत. फक्त ताटावर बसून नकोत. ‘एकदा खाऊन तर बघ’ हा आग्रह आणि ‘खाता म्हणून तापट असता’ हा टोमणा, दोन्ही गमतीत म्हटले तरी लागतात, आणि लागलेला माणूस पुढच्या वर्षी काहीतरी कारण काढून येत नाही.

साधारण नवव्या किंवा दहाव्या रोज्याला शुद्ध एकादशी येते, आणि चोविसाव्या-पंचविसाव्याला वद्य. दोन्ही पंचांगे चंद्राचीच, त्यामुळे हे दरवर्षी घडते. त्या दिवशी माळकऱ्याचाही उपवास असतो. समोसा नाही, भजी नाही, शीरखुर्मा तर नाहीच. पण एकादशीला खजूर चालतो. अजान झाली की दोघेही ताटलीतला एकेक उचलतात.