‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आणि त्यानंतर

छडी कायद्याने गेली, पण तिच्या जागी काय आले, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. प्राथमिक वर्गातील गोंगाट हा मुलांच्या बेशिस्तीचा पुरावा मानला जातो. वास्तविक तो शाळेच्या रचनेचा, पटसंख्येचा आणि परिसराचाही हिशेब असतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई येथील एका शाळेतील सहावीच्या विद्यार्थिनीला उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. या घटनेने राज्यभर संताप उसळला. चौकशा, निवेदने, निलंबनाच्या मागण्या हे सारे रीतीप्रमाणे झाले. मात्र त्यामागचा मूळ प्रश्न पुन्हा एकदा बाजूला राहिला. ज्या व्यवस्थेने शिक्षकाच्या हातातून छडी काढून घेतली, त्या व्यवस्थेने चाळीस चुळबुळ्या मुलांचा वर्ग शांत कसा करावा, हे त्याला कधी शिकवले काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी घातली आणि तिचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद केली. या तरतुदीच्या इष्टतेबद्दल वाद असण्याचे कारण नाही. परंतु कायदा काय करू नये ते सांगतो. काय करावे ते सांगण्याचे काम प्रशिक्षणाचे आणि प्रशासनाचे असते. ही दुसरी बाजू लंगडी राहिल्यानेच अनेक वर्गांत छडी गेली आणि तिच्या जागी ओरडणे आले, बाकावर उभे करणे आले, बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर आला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. तिने दोन मिनिटे शांतता मिळते. तिसऱ्या मिनिटाला गोंगाट पुन्हा सुरू होतो.

गोंगाट वाढतो कसा?

गजबजलेल्या जागेत माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये या प्रवृत्तीची नोंद केली. वर्गात नेमके हेच घडते. शेजारी मोठ्याने बोलतो म्हणून दुसरा त्याहून मोठ्याने बोलतो, आणि शिक्षक त्या सर्वांच्या वर आवाज नेऊ पाहतात. म्हणजेच ‘गप्प बसा’ ही वरच्या पट्टीतील आरोळी गोंगाटावरचा उपाय न ठरता त्यातच भर घालते. दिवसाच्या अखेरीस शिक्षकांचा घसा बसतो, तो यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अध्यापन सुरू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि आवाजाचा घुमारा सुमारे ०.६ सेकंदाचा असावा, असे म्हटले आहे. लहान मुलांना शब्द स्पष्ट कळण्यासाठी शिक्षकाचा आवाज पार्श्वभूमीपेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. उघड्या भिंती, शहाबादी फरशी आणि वर पत्रा असलेल्या खोलीत मागच्या रांगेतील मुलाला काय ऐकू येत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजू लागली की अध्यापन थांबतेच. ज्याला किंचित कमी ऐकू येते, किंवा ज्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे, त्याचे तर दुहेरी नुकसान होते. न ऐकू येणारे मूल फार वेळ ऐकण्याचा प्रयत्न करीत नाही. ते शेजाऱ्याशी बोलू लागते आणि ‘दंगेखोर’ ठरते.

इस्लामपूरचे उदाहरण

या दृष्टीने वाळवा तालुक्याचे ठिकाण असलेले इस्लामपूर हे निमशहरी महाराष्ट्राचे बोलके उदाहरण आहे. (या शहराचे नाव ‘ईश्वरपूर’ करण्याची घोषणा राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये विधानसभेत केली.) पुणे-बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यापासून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे शहर वसले आहे. भोवताली उसाचा पट्टा आणि लगतच साखराळे येथे राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांवरील गाण्यांचे कर्णे हा या भागाच्या रोजच्या जीवनाचा भाग होतो. मिरवणुका आणि निवडणूक प्रचाराचे ध्वनिक्षेपक वेगळेच. रस्त्याकडेच्या शाळेला खिडक्या बंद करून उकाडा सोसावा किंवा त्या उघडून गोंगाट सोसावा, एवढीच निवड उरते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे आणि शाळा, रुग्णालये व न्यायालयांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर असे क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. शाळेला हे संरक्षण आपोआप मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ऑगस्ट २०१७ मधील दुरुस्तीनंतर राज्य शासनाने विशेषत्वाने अधिसूचित केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा आपल्या शाळेभोवतीचा परिसर अधिसूचित आहे काय, हा पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने नगरपरिषदेला व जिल्हा प्रशासनाला विचारावयाचा पहिला प्रश्न होय. गतिरोधक आणि ‘हॉर्न वाजवू नका’ ही पाटी यांचा क्रम त्यानंतरचा.

उसाच्या पट्ट्याचे आणखी एक वास्तव आहे. हंगामात मराठवाड्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही. ही मुले वर्षाच्या मध्येच नव्या गावात आणि नव्या वर्गात येऊन बसतात, आणि वर्गाची घडी बसेपर्यंत परतीची वेळ होते. अशा मुलाची अस्वस्थता हा शिस्तीचा विषय नसून स्थलांतराचा परिणाम आहे.

दोन शिक्षक, चार इयत्ता

वर्गाच्या अशांततेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे कारण मात्र अंकगणितात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. पहिली ते चौथीच्या छोट्या गावातील शाळेत याचा अर्थ असा की, प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता. तो दुसरीला वजाबाकी शिकवत असतो तेव्हा पहिलीची मुले काय करीत असतात? त्यांच्यापुढे स्वतःहून करण्याजोगे काम नसेल तर ती दंगाच करणार. त्यातच दोघांपैकी एक बैठकीला किंवा माहिती भरण्यासाठी गेला की उरलेल्याकडे चारही इयत्ता येतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे याच कायद्याचे कलम २७ सांगते. परंतु अपवादांची यादी व्यवहारात किती लांबते, हे शिक्षक जाणतात.

शहरातील खासगी शाळांचे दुखणे उलट प्रकारचे आहे. तेथे इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असतो, पण खोली लहान आणि पट मोठा. दोन बाकांमधून शिक्षकाला मागपर्यंत चालत जाता येत नसेल तर शांततेसाठी त्याच्यापाशी आवाजाखेरीज दुसरे साधन राहत नाही.

कुमठ्याचा धडा

याच परिसरातील एका प्रयोगाची या संदर्भात आठवण करणे आवश्यक आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा मार्ग धरला. बाकांच्या रांगा गेल्या आणि फरशीवर अंकांचे व अक्षरांचे तक्ते रंगवले गेले. मुले गटागटाने बसू लागली, हातात खडे, काड्या, शब्दपट्ट्या आल्या आणि शिक्षक खुर्ची सोडून त्यांच्यात जमिनीवर बसले. राज्यभरातून शिक्षक हे वर्ग पाहण्यासाठी येऊ लागले आणि जून २०१५ मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात कुमठे हे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या वर्गांत शांतता होती काय? जुन्या अर्थाने नव्हती. मुले बोलत होती, पण कामाविषयी बोलत होती. गुणगुण आणि गोंगाट यांतील हा फरक समजून घेणे हाच खरा मुद्दा आहे. पुढे अनेक ठिकाणी फरशा रंगवल्या गेल्या, परंतु अध्यापन मात्र पूर्वीचेच राहिले. तेथे रंग उडाला आणि गोंगाट परत आला. साहित्याची नक्कल सोपी असते, कामाच्या आखणीची नव्हे.

गिजुभाई बधेका यांनी १९३० च्या दशकारंभी लिहिलेल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक लक्ष्मीशंकर चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि मुले त्याची फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो. हा खेळ मूळचा माँटेसरी पद्धतीतला. खोली नि:शब्द झाली की शिक्षिका दुरून कुजबुजत्या स्वरात एकेका मुलाचे नाव घेते आणि ते मूल पाऊल न वाजवता तिच्यापाशी जाते. येथे शांतता हे मुलाने स्वतः कमावण्याचे कौशल्य आहे. पण ते सरावाने येते. त्यासाठी आधी वर्गात विश्वास लागतो, हे लक्ष्मीशंकरच्या फजितीने दाखवून दिले. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आणि नंतर अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडला हाच विचार आदिवासी मुलांपर्यंत नेला. मुले शाळेत बसत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, या भूमिकेतून कुरणशाळा निघाल्या.

काय करता येईल?

जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. शांत वर्ग आणि अशांत वर्ग यांतील शिक्षक दंगा झाल्यानंतर जे करतात त्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो दंगा होण्यापूर्वीच्या वर्तनात. साऱ्या वर्गावर नजर असणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे अडखळल्याशिवाय जाणे, कोणीही रिकामे न राहणे, या गोष्टी निर्णायक ठरतात.

आपल्याकडील शाळेत याचा अनुवाद अवघड नाही. मुले वर्गात शिरताच फळ्यावर पाच मिनिटांचे काम तयार असावे. लक्ष वेधण्यासाठी आरोळीऐवजी ठरलेल्या तालाची टाळी किंवा वर केलेला हात असावा आणि तो परिपाठाइतकाच नित्याचा व्हावा. शिक्षकाने आवाज चढवण्याऐवजी उतरवून पाहावा. प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर न मागता तीन सेकंद थांबावे. मेरी बड रो यांच्या संशोधनाप्रमाणे शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो अवधी वाढवला की उत्तरे लांबतात आणि अधिक मुले बोलतात. खिचडीनंतरच्या तासाला, जेव्हा चुळबूळ सर्वाधिक असते, लेखनाऐवजी गोष्ट, कविता किंवा हालचालीचा उपक्रम ठेवावा.

बक्षिसांच्या गटस्पर्धेबाबत मात्र सावधगिरी हवी. १९६९ मध्ये अमेरिकेत मांडला गेलेला ‘सद्वर्तनाचा खेळ’ परिणामकारक ठरला आहे. त्यात वर्गाचे गट पडतात आणि कमी दंगा करणारा गट जिंकतो. परंतु ज्या गावात मुलांची ओळख घराण्याने व जातीने आधीच ठरलेली असते, तेथे हरलेल्या गटाचा राग एकाच मुलावर निघू शकतो. पद्धत परदेशातून आणताना वर्गातील समाज विसरून चालत नाही.

शाळेबाहेरच्या उपायांचाही विचार व्हायला हवा. मुलांची झोप पुरी होत नाही या कारणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा निर्णय घेतला. सांगली जिल्ह्यातीलच कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले होते. ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवून मुलांना अभ्यासाला बसवण्याचा उपक्रम गावाने स्वीकारला. त्याचे महत्त्व दीड तासापेक्षा अधिक आहे. मुलांकडून शांतता मागण्यापूर्वी मोठ्यांनी आपला आवाज बंद केला, हे त्यातील सार आहे.

प्राथमिक वर्गाच्या शांततेचा प्रश्न अखेर येथेच येऊन थांबतो. सहा-सात वर्षांचे मूल पाच तास निश्चल बसावे ही अपेक्षा निसर्गाविरुद्ध आहे. पण त्याने दहा मिनिटे मन लावून ऐकावे, ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी व्हायची तर शिक्षकाला सहकारी शिक्षक हवा, वर्गाला घुमारा रोखणारे छत हवे, शाळेला अधिसूचित शांतता क्षेत्र हवे आणि प्रशिक्षणात भाषणांऐवजी प्रत्यक्ष वर्गाचा सराव हवा. यांपैकी काहीही न देता केवळ शिक्षेवर बंदी घालणारी व्यवस्था पुढच्या अप्रिय घटनेची वाट पाहत असते. तशी घटना घडली की ती एका शिक्षकाला निलंबित करते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचाही वर्ग शेजारच्या शिक्षकाकडे सोपवला जातो.