पंचाची जागा रिकामी का राहते?

मध्य प्रदेशाच्या १९९३ च्या पंचायत कायद्यात मृत्यू, राजीनामा, अविश्वास किंवा पदच्युती यांमुळे मुदतीआधी रिकाम्या होणाऱ्या पदाला आकस्मिक रिक्ती मानले असून, ती पोटनिवडणुकीने भरावी आणि निवडून आलेल्या व्यक्तीने उरलेल्या मुदतीपुरतेच पद सांभाळावे, असे सांगितले आहे. सरपंचाचे पद रिकामे झाले तर पंचांनी, म्हणजे वॉर्डांतून निवडलेल्या ग्रामपंचायत सदस्यांनी, आपल्यातूनच एकाला तात्पुरता, तिकडच्या सरकारी भाषेत ‘स्थानापन्न’, सरपंच निवडायचा असतो आणि पद राखीव असेल तर तोही त्याच प्रवर्गातला असावा लागतो. राज्य निर्वाचन आयोग अशा जागांच्या पोटनिवडणुका वर्षाच्या ‘पूर्वार्धा’त आणि ‘उत्तरार्धा’त एकत्रित घेतो. कागदावर व्यवस्था पुरी आहे. तरीही एकही अर्ज न आल्याने पंचांच्या काही जागा पोटनिवडणुकीनंतरही तशाच राहतात, हा राज्याचा जुना अनुभव असून, ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा, विचारही त्याच चौकटीत करावा लागतो.

या रिकाम्या जागांचे खापर बहुधा आरक्षणावर फोडले जाते. पांढुर्णा तहसिलीतील अनेक पटवारी हलके, म्हणजे महाराष्ट्रातील भाषेत तलाठी सज्जे, आणि सौंसरमधील काही हलके २००३ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे, म्हणजे आदिवासी भागांना पंचायत राज लागू करणाऱ्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, निदान निम्म्या जागा अनुसूचित जमातींसाठी आणि अध्यक्षस्थानाची सर्व पदे त्यांच्याचसाठी राखून ठेवावी लागतात. शिवाय २००७ पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. प्रवर्ग आणि महिला या दोन्ही अटी एकाच वॉर्डात एकत्र आल्या की उमेदवारांचे वर्तुळ लहान होते, हे खरे. पण त्याच गावात, त्याच प्रवर्गासाठी राखीव असलेल्या सरपंचपदासाठी चुरस होत असेल, तर माणसे नाहीत हे म्हणणे टिकत नाही. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि सचिव यांच्या संयुक्त सहीने निघतो. पंच बैठकीला येतो, मत देतो, कार्यवाहीच्या रजिस्टरात सही करतो आणि घरी जातो. त्याच्या वॉर्डातील नाली किंवा हातपंप यांचे काम कोणत्या क्रमाने व्हावे यावर त्याचा अधिकार नाही आणि गावकऱ्यांचे बोल मात्र पहिले त्यालाच ऐकावे लागतात. हे पद कोणी का मागावे, याचे उत्तर आरक्षणाच्या तक्त्यात सापडणार नाही.

कायद्याने स्वतःच जागा रिकाम्या केल्याचे उदाहरणही फार जुने नाही. २६ जानेवारी २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या पंचायत प्रतिनिधीला मध्य प्रदेशाने अपात्र ठरवले, त्यातून अनेक पंच-सरपंचांची पदे गेली आणि २००५ मध्ये ही अट शासनालाच मागे घ्यावी लागली. सीमेपलीकडे, नरखेड किंवा वरुडच्या बाजूला, अपत्यांची अट महाराष्ट्रात दीर्घकाळ लागू राहिली आणि राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्यास त्याचे सदस्यत्व जाते. रोटी-बेटीचा व्यवहार असलेल्या या दोन बाजूंना एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचे पद शाबूत आणि दुसऱ्याचे रद्द, असेही घडू शकले असते.

नगरपालिकांत चित्र निराळे आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या परिषदांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये मतदान झाले. तेथे पार्षदाच्या, म्हणजे महाराष्ट्रातील भाषेत नगरसेवकाच्या, जागेला पक्षाचे तिकीट असते, आणि म्हणून इच्छुकांची वाण नसते. त्याच सभागृहात राज्य शासन ‘एल्डरमन’ नेमू शकते. या नामनिर्देशित सदस्यांना मतदानाचा अधिकार नसतो, पण त्या जागांसाठी सत्तापक्षाच्या कार्यकर्त्यांत जी धावपळ चालते ती पंचाच्या जागेसाठी कधीही दिसत नाही. मताचा अधिकार असलेली जागा ओस आणि मत नसलेली जागा हवीहवीशी, हा विरोधाभास पदाबरोबर येणाऱ्या ओळखीपाळखींतूनच उलगडतो.

पोटनिवडणुकीचा खर्च आणि मनुष्यबळ पाहता, एका वॉर्डासाठी निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करायचा आणि अर्जच नाही म्हणून तो गुंडाळायचा, हे चक्र पुनःपुन्हा फिरवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी रिकाम्या वॉर्डांची यादी, ते रिकामे राहण्यामागचे कारण आणि त्या वॉर्डांची अडलेली कामे २६ जानेवारीच्या आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवणे आयोगाला नव्हे, तर सचिवाला बंधनकारक करता येईल. आणि वॉर्डातील कामाचे देयक निघण्यापूर्वी पंचाची सही आवश्यक ठरवली, तर २०२२ मध्ये निवडलेल्या पंचायतींची मुदत २०२७ मध्ये संपेल तेव्हा या जागेसाठीही अर्ज येण्याचा संभव आहे.