मैदान सोडल्याची किंमत

पंचांवर रागावणारे फुटबॉल प्रशिक्षक आपण पुष्कळ पाहिले आहेत; परंतु सामना अर्ध्यावर टाकून संपूर्ण संघ मैदानाबाहेर नेणारे विरळाच. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर केरळ ब्लास्टर्सचे सर्बियन प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी तेच केले. त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये ब्लास्टर्सची साथ सोडली. त्यांना झालेल्या शिक्षेविषयीचा वाद मात्र आम्हांस अजून मिटलेला वाटत नाही.

इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीचा तो सामना होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. अतिरिक्त वेळेत बेंगळुरू एफसीला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोलरक्षक खेळाडूंची भिंत उभी करून घेत असतानाच सुनील छेत्री यांनी चेंडू जाळ्यात धाडला व पंचांनी गोल ग्राह्य धरला. अशी झटपट फ्री किक घेण्यास नियमांची मुभा आहे. मात्र पंचाने शिटीची वाट पाहण्यास सांगितले असेल तर ती मुभा उरत नाही. वाद नेमका येथेच होता. व्हिडिओच्या साहाय्याने पंचांचा निर्णय तपासण्याची सोय या लीगमध्ये नव्हती. वुकोमानोविच यांनी खेळाडूंना बाहेर बोलाविले आणि सामना बेंगळुरूला बहाल झाला. कोचीला परतल्यावर चाहत्यांनी त्यांचे वीरासारखे स्वागत केले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने महिनाअखेरीस निर्णय दिला. (लीग चालविणारी कंपनी तेव्हा निराळी होती, शिक्षा करणारा महासंघ निराळा, सामान्य प्रेक्षकाला हा भेद क्वचितच उमजत असे.) क्लबला चार कोटी रुपये दंड, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी व पाच लाख दंड, शिवाय दोघांनीही जाहीर माफी मागावी असा आदेश झाला. माफी न मागितल्यास दंड अनुक्रमे सहा कोटी व दहा लाख होणार होता.

शिक्षा व्हावयास हवी होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट बंगालविरुद्ध मध्यंतरानंतर खेळण्यास नकार दिला होता. तेथे तर प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने त्यांचा खेळाडू रहीम नबी जखमी झाला होता; तरीही आधी दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे ती उठवून दोन कोटींचा दंड झाला. त्या मानाने ब्लास्टर्सचे कारण दुबळेच म्हणावे लागेल. शिवाय प्रशिक्षकाने हाक दिल्यावर मैदानात थांबणे तरुण खेळाडूस कितपत शक्य होते?

आम्हांस खटकते ती माफीला लावलेली किंमत. क्लबपुरता हिशेब केला तर ती दोन कोटी रुपये भरते! माफी २ एप्रिल रोजी आली, आणि त्यानंतर त्याच शिक्षेविरुद्ध अपीलही झाले. अपील करणे हा क्लबचा हक्कच होता, त्यास आमचा आक्षेप नाही. पण चूक मनोमन पटली होती की दंड वाचवावयाचा होता, हे त्या माफीवरून कोणी सांगावे? समितीने केवळ दंड व बंदी केली असती तर निदान हा संशय तरी राहिला नसता. महासंघाच्या अपील समितीने आणि पुढे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानेही क्लबचे म्हणणे फेटाळले.

सुपर कप, ड्युरँड कप व नव्या मोसमातील चार सामने बाहेर बसून काढल्यानंतर २७ ऑक्टोबर २०२३ रोजी ओडिशा एफसीविरुद्ध वुकोमानोविच पुन्हा मैदानालगत उभे राहिले. ब्लास्टर्सने तो सामना २-१ असा जिंकला. दीड महिनाही लोटला नाही तोच पंचांवर टीका केल्याबद्दल त्यांना आणखी एका सामन्याची बंदी व पन्नास हजार रुपयांचा दंड झाला. या खेपेस त्यांनी संघाला बाहेर नेले नव्हते. सामना संपल्यावर ते केवळ बोलले होते. मग प्रशिक्षकाने आपली तक्रार न्यावी तरी कोठे, हे महासंघाने सांगावयास हवे होते.