किल्ली देणार नाही



दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी जो प्रकार झाला, तो एव्हाना इंदापूरपासून पुण्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या कानावर गेला आहे. प्रत्येकाने आपल्या पदरचे थोडे मीठमसाला घातलेच आहे. तेव्हा एकदाचे माझे म्हणणे मीच लिहून टाकतो. फोनवर सगळ्यांशी वेगवेगळे भांडण्याइतका दम आता राहिला नाही.

झाले ते एवढेच. नातवासाठी नवी स्कूटर आली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळे यथासांग झाले. मग सूनबाई म्हणाल्या, "आबा, किल्ली तुमच्या हातानं द्या, घरातले मोठे तुम्ही." नातू नववीत. वय चौदा. मी किल्ली उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. पुरणपोळी कोणी धड खाल्ली नाही. म्हातारा सणासुदीला अडला, असे सगळ्यांचे मत पडले. पडू दे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा आपण सगळे किती खवळलो होतो! पुढे तो आदेश बदलला. निबंध तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला तर जास्तच राग आला होता. त्या दिवसांत आपल्या घरच्यांचे मोबाइलवरचे संदेश मी वाचत होतो. "बड्या बापाची पोरं," "पैशाचा माज." आता मला सांगा, ती गाडी कोट्यवधींची आणि आपली लाखभराची, याखेरीज फरक काय? तिथेही किल्ली घरच्यांच्याच हातून गेली होती.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आपल्या दारातली स्कूटर एकशेदहा सीसीची आहे आणि पोरगा चौदाचा. म्हणजे दोन्हीकडून नापास. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे मी म्हटल्यावर आमचे मेहुणे हसले. "दाजी, आपल्याकडं कोण धरतंय? धरलं तर एक फोन करायचा." हाच तर आपल्या भागाचा रोग आहे. प्रत्येकाच्या खिशात कुठल्यातरी साहेबांचा नंबर आहे. हवालदाराला फोन लागतो हो, पण समोरून येणाऱ्या ट्रकला कोणाचा फोन लावणार?

आणि रस्ता तरी कसला? गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या दोन्ही तालुक्यांत संध्याकाळनंतर काय चालते ते तुम्ही रोज पाहता. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही, आत गाणी मोठ्याने. पंक्चर झाली की ट्रॉली तिथेच रस्त्यात सोडून देतात, खुणेला चार दगड. काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या बाजूने पालखी मार्ग रुंद झाला, चांगलेच झाले, पण रुंद रस्त्यावर वेगही वाढतो. ताशी साठ म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. समोर अंधारात ट्रॉली दिसली आणि ब्रेकवर हात जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. हा हिशेब चौदा वर्षांच्या पोराला गणिताच्या पेपरात येतो, रस्त्यावर येत नाही.

जुलै २०२५ मध्ये बारामतीत डंपरच्या धडकेत दुचाकीवरचे वडील आणि त्यांच्या दोन लहान मुली गेल्या. सगळे गाव सुन्न झाले होते. गाडी चालवत होता तो मोठा, जाणता माणूस होता. जिथे जाणत्याचा निभाव लागत नाही, तिथे आपण नववीतल्या पोराला एकटा पाठवणार? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. आणि दहाव्याला बसून आपण काय म्हणतो? "वेळ आली होती."

हे शब्द मला सहन होत नाहीत, त्याला कारण आहे. आजवर घरातही कोणाला सांगितले नव्हते.

१९९४ साल. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेवर मी होतो. पेपरांचा गठ्ठा घरी विसरलो होतो. नववीतल्या एका चुणचुणीत मुलाला मी माझ्या लुनाची किल्ली दिली. म्हटले, पटकन जाऊन ये. परत येताना, दिवेलागणीच्या वेळी, तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा आखूड झाला. आठ दिवसांनी त्याचा बाप शाळेत आला. मी घाबरलो होतो. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पोरानं तुमची गाडी मोडली, माफी करा. त्याची वेळच वाईट होती."

आणि मी "असू दे" म्हणालो! माफी मी मागायची होती, ती त्याच्याकडून घेतली. त्याने दैवावर घातले आणि मी गप्प बसून सुटलो. ट्रॉलीवालाही सुटला. भरले ते त्या मुलाने, आजही भरतो आहे.

तेव्हा कोणी "वेळ आली होती" म्हटले की मी विचारतो, किल्ली कोणी दिली होती?

क्लासला जायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. एसटी वेळेवर नाही हेही खरे. मग चार पालक मिळून आगारात अर्ज द्यायला चला, क्लासवाल्यांना वेळ बदलायला सांगा, मी येतो पुढे. साहेबांना करायचा तो फोन यासाठी करा. आळीपाळीने पोरांना सोडा. मलाही वार लावून द्या, हेल्मेट घालून मी सोडीन. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही हवे, तेव्हा नातवासाठीही एक आणून ठेवले आहे. आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहेत त्यांनी ट्रॉलीच्या मागे तांबड्या चमकत्या पट्ट्या लावा. त्या लावायला साहेबांची परवानगी लागत नाही.

नातू अजून माझ्याशी बोलत नाही. समोरून जातो, मान फिरवतो. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? पण त्याचा अबोला मी सोसेन. तो अठरा वर्षांचा होईल, परवाना काढील, तेव्हा मी असलो तर किल्ली माझ्याच हाताने देईन. नसलो तर ती माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. त्याआधी कोणी काढू नये.

बाकी क्षेमकुशल. चूकभूल द्यावी घ्यावी.