सह्या होण्याआधी आमचे ऐका
आफ्रिका–युरोप भागीदारीबाबत नागरी संघटनांच्या महासंघाचे मागणीपत्र

प्रति,
आफ्रिकी संघ आयोग, आदिस अबाबा
युरोपीय आयोग, ब्रुसेल्स
आणि दोन्ही संघांच्या सदस्य देशांची सरकारे

विषय : करारांच्या वाटाघाटींत नागरी संघटनांना हक्काचे स्थान मिळण्याबाबत

महोदय,

२००० साली कोटोनू करारात कामगार संघटना आणि नागरी संस्था यांना भागीदारीचे घटक मानले गेले. २००७ साली लिस्बन येथे आफ्रिका–युरोप संयुक्त धोरण मंजूर झाले. ही भागीदारी लोककेंद्री असेल, असे वचन त्यात आहे. २०२३ च्या सामोआ करारातही हितसंबंधितांशी नियमित संवादाची तरतूद आहे. शब्द आहेत, सह्याही आहेत. तरीही आम्हाला बोलावणे येते ते मसुदा पक्का झाल्यावर. ही वरातीमागून घोडे नेण्याची रीत थांबावी, यासाठी हे मागणीपत्र.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रुसेल्स शिखर परिषदेत आफ्रिकेसाठी १५० अब्ज युरोंच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. या पैशातून रेल्वे, बंदरे, वीजप्रकल्प आणि खनिजांचे मार्ग उभे राहतील. ज्यांच्या शेतातून रूळ जाणार, त्यांना त्याची खबर कंत्राट दिल्यावर लागू नये.

आमच्या मागण्या अशा :

१. वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी त्यांचा उद्देश आणि पुढे प्रत्येक टप्प्यावरचा मसुदा खुला करावा. मासेमारी करारात समुद्र कोणाला किती मोकळा होणार, हे सेनेगलच्या होडीवाल्यांना आणि मासळी वाळवणाऱ्या बायकांना सह्यांच्या आधी कळले पाहिजे. त्यांची चूल त्यावर पेटते.

२. वाटाघाटींच्या समितीत संघटनांना जागा द्यावी. हे अशक्य नाही. २००९ साली युरोपशी झालेल्या लाकूडव्यापार कराराच्या वेळी घानातील संघटनांचा प्रतिनिधी सुकाणू समितीत बसला होता. त्यामुळे ‘कायदेशीर लाकूड’ ठरवताना जंगलालगतच्या गावांचे हक्कही विचारात आले.

३. मानवी हक्कांवरील परिणामांची तपासणी करारापूर्वी करून ती प्रसिद्ध करावी. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघाचा ट्युनिशियाशी स्थलांतरासह इतर बाबींवर सामंजस्य करार झाला. युरोपीय आयोगाने जोखमीची पाहणी केली होती, पण ती लोकांसमोर ठेवली नव्हती, हे युरोपीय लोकपालांच्या चौकशीतून पुढे आले. समुद्र ओलांडणाऱ्या माणसांच्या जिवाशी निगडित कागद कपाटात राहता कामा नयेत.

४. छोट्या संघटनांना थेट आणि अनेक वर्षांसाठी निधी द्यावा. स्वाहिली, हौसा, वोलोफ यांसारख्या भाषांत माहिती मिळावी आणि अर्जही करता यावा. बैठकीसाठी निमंत्रित केलेल्या आफ्रिकी प्रतिनिधींना वेळेवर व्हिसा द्यावा. निमंत्रण देऊन दारात अडवणे हा सहभाग नव्हे.

५. आमच्या प्रत्येक लेखी सूचनेवर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे : काय स्वीकारले, काय नाकारले आणि का. आफ्रिकी संघाच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक परिषदेला शिखर परिषदांच्या तयारीत पहिल्या दिवसापासून सामील करून घ्यावे.

६. करारावर टीका केल्याबद्दल कोणत्याही संघटनेची नोंदणी रद्द होऊ नये किंवा कार्यकर्त्याला तुरुंगात टाकले जाऊ नये. असे घडल्यास दोन्ही बाजूंनी एकत्रित जाब विचारण्याची व्यवस्था करारातच असावी.

तुम्हाला निवडून कोणी दिले, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. आम्ही नकाराधिकार मागत नाही. शेवटचा निर्णय लोकनियुक्त संसदांचाच राहील. आमचे सभासद किती आणि पैसा कुठून येतो, हेही आम्ही दरवर्षी जाहीर करू. मात्र संसदेसमोर करार जाईल तेव्हा त्याचा भार वाहणाऱ्यांचे म्हणणे त्याच्या जोडीला गेले पाहिजे.

पुढच्या प्रत्येक करारात वरील सहा बाबी बंधनकारक कलमे म्हणून लिहाव्यात. कोटोनूपासून आम्ही आश्वासने जपून ठेवली आहेत. आता ती पाळली जावीत, एवढीच आमची मागणी आहे.

आपले,
महासंघाची कार्यकारिणी