झाडपाल्याला जामीन कोण?

नामपूरचा बाजार असो की सटाण्याचे एस.टी. स्टँड, बिननावाची पुडी देणारा एकच वाक्य सांगतो, “झाडपाल्याचे आहे, अपाय नाही.” बँकेत जामीनदारांच्या सह्या तपासण्यात माझी हयात गेली. म्हणून विचारावेसे वाटते, या वाक्याला जामीन कोण?

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका दवाखान्यात वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींची पूड देत असत. ती घेणाऱ्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे १९९३ मध्ये जगापुढे आले. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. चिनी नावांतल्या साम्यामुळे एका मुळीच्या जागी दुसरीच आली होती. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होते. ते मूत्रपिंड नासवते, कर्करोगही घडवते. आपल्या रानातल्या सापसंदच्या वेलीतही तेच आम्ल असते.

मूत्रपिंड दुखून सांगत नाही. निम्मे काम थांबेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिनही फारसे वाढत नाही. कळते तेव्हा आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस, आणि कांद्याचे पीक, दागिने, जमीन एकेक करून गहाण.

आयुर्वेदाशी माझे वैर नाही. जाणता वैद्य वनस्पतीची ओळख आणि मात्रा आधी पाहतो. पुडीवाला दोन्ही सांगत नाही. तेव्हा औषधात काय आहे, कोणी बनवले, किती दिवस घ्यायचे, हे विचारावे. डॉक्टरांपासून पुडी लपवू नये. बरेच दिवस घेतली असेल तर रक्त-लघवी तपासून घ्यावी. हजार रुपयांच्या कर्जालाही आपण कागद मागतो. मूत्रपिंडे तर दोनच आहेत.